इशाऱ्याचे वजन: नांदेड-लातूरचा वारा, रायगडचे होन आणि हरवलेला शेर

१/
उन्हाळ्याच्या अखेरीस नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या मोबाइलवर एक ठरावीक वाक्य येऊन पडते : तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा. वाक्य शुद्ध असते, आकडा नेमका असतो. तरीही गोठ्यातली गुरे सोडावीत की नाही, पत्र्यावर दोर आवळावा की नाही, याचा निर्णय त्या आकड्यावरून होत नाही. ताशी ५० किलोमीटर हा वेग सर्वांच्या ओळखीचा आहे, पण तो रस्त्यावरचा. आणि रस्त्यावर हा वेग कोणालाही संथच वाटतो.

२/
आकडा खरा असूनही तो ऐकणाऱ्याच्या अंगाला का लागत नाही? या प्रश्नाचे उत्तर हवामानशास्त्राइतकेच मापांच्या इतिहासात दडलेले आहे. हा धागा त्याच इतिहासाचा आहे. त्यात तराजू आहे, सोन्याची नाणी आहेत, एक ब्रिटिश नौदल अधिकारी आहे, आणि मराठवाड्याच्या छपरांची कहाणी आहे.

३/
प्रारंभ भाषेपासून करू. मराठी माणसाने देहाचे वर्णन नेहमीच वजनमापांनी केले. नाजूक तब्येतीला ‘तोळामासा प्रकृती’ म्हटले. किरकोळ अंगाच्या मुलाला ‘छटाकभर पोर’ म्हटले. भीतीने वा थकव्याने ‘पाय मणामणाचे’ झाले. कुणी वरचढ भेटला तर तो ‘शेरास सव्वाशेर’ ठरला. यांतले एकही माप आज दुकानात चालत नाही. पण जिभेवर ती सगळी मापे शाबूत आहेत. ज्या मापाने माणूस स्वतःचा देह मोजतो, ते माप कायद्याने रद्द झाले तरी भाषेतून सहजी जात नाही.

४/
या मापांचा हिशेब असा. ८ गुंजांचा १ मासा, १२ माशांचा १ तोळा. ५ तोळ्यांची १ छटाक, १६ छटाकांचा म्हणजे ८० तोळ्यांचा १ शेर, ४० शेरांचा १ मण. ब्रिटिश काळात प्रमाण ठरवलेला तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. त्या हिशेबाने शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा आणि मण सुमारे ३७.३ किलोचा होतो. म्हणजे ५६ किलोचा माणूस बरोबर दीड मणाचा.

५/
पण हा झाला कागदावरचा मण. प्रत्यक्षात ‘मण’ या एका शब्दाखाली अनेक वजने नांदत होती. मुंबईच्या व्यापारातला मण २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम १२.७ किलोचा होता. बंगालचा प्रमाण मण त्याच्या जवळजवळ तिप्पट. शेराचेही तेच. कच्चा शेर वेगळा, पक्का वेगळा. वजनी शेर वेगळा आणि धान्य भरून मोजायचा मापी शेर वेगळा. म्हणून जुन्या कागदात ‘दोन मण’ असे वाचले, तर पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसतो. ‘कुठला?’ हा असतो.

६/
हा गोंधळ केवळ आपल्याकडचा होता असे समजण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये आजही अनेक लोक स्वतःचे वजन ‘स्टोन’मध्ये सांगतात. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, ६.३५ किलो. बारा स्टोनचा माणूस म्हटल्यावर तिथल्या ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तत्काळ एक शरीर उभे राहते. लातूरच्या वाचकापुढे उभा राहतो तो बारा दगडांचा ढीग. माप परके असले की आकडा कानावर पडतो, पण चित्र उमटत नाही.

७/
मराठ्यांच्या इतिहासात देहाच्या वजनाची जी सर्वांत प्रसिद्ध नोंद आहे, तिचेही हेच झाले आहे. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यात तुलादान झाले. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन त्या दिवसांत गडावर होता. त्याच्या वृत्तांतात सोन्याच्या तुलेचे वजन सुमारे १६,००० पॅगोडा, म्हणजे होन, असे आले आहे. इतिहासप्रेमींच्या चर्चांत हा आकडा वारंवार येतो, आणि त्यावरून महाराजांचे वजन ‘नेमके इतके किलो’ असल्याचे ठामपणे सांगितले जाते.

८/
आता गणित करून पाहू. होन हे नाणे एकाच टाकसाळीचे नव्हते. दक्षिणेत निरनिराळ्या राजवटींचे होन चालत आणि त्यांचे वजन थोडे थोडे वेगळे असे. एक होन २.८ ग्रॅमचा धरला तर १६,००० होन सुमारे ४५ किलो भरतात. ३.४ ग्रॅमचा धरला तर तेच सुमारे ५४ किलो होतात. एका नाण्यात अर्ध्या ग्रॅमहून थोडा अधिक फरक, आणि देहात नऊ-दहा किलोंचा! शिवाय मूळ नोंदीतच ‘सुमारे’ हा शब्द आहे. ऑक्झेंडनच्या वाचकाला होन ठाऊक होता, म्हणून त्याला ते पुरेसे होते. आपल्याला होन ठाऊक नाही. म्हणून आपण त्या ‘सुमारे’ला दशांशचिन्ह लावून बसतो.

९/
आता रायगडावरून पुन्हा मराठवाड्यात येऊ. नांदेड-लातूरच्या माणसावर विसाव्या शतकाच्या मध्याला मापांच्या बदलाची जी लाट आली, तशी क्वचितच कुठे आली असेल. हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी दप्तरात फसली सन चाले. बाजारात हाली शिक्का चाले, आणि इंग्रजी मुलखातला रुपया ‘कलदार’ म्हणून वेगळा ओळखला जाई. ७ हाली रुपयांना ६ कलदार असा दर असे. दोन नाण्यांचा मेळ घालणे हा इथल्या व्यापाऱ्याचा रोजचा हिशेब होता.

१०/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले. त्यानंतर हाली शिक्का मागे पडला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १ एप्रिल १९५७ रोजी आण्यांच्या जागी नवे पैसे आले. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानुसार ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने आला आणि १९६२ पर्यंत शेर-मण कायद्याच्या व्यवहारातून हद्दपार झाले. १ मे १९६० रोजी तर राज्यच नवे झाले. जेमतेम पंधरा वर्षांत माणसाचे राज्य, नाणे, आणि तराजूतले वजन, सारे बदलले. आडतीत पोते तेच राहिले. त्याच्यावर बोलली जाणारी संख्या मात्र बदलली.

११/
दशमान पद्धतीने शेतकऱ्याचे भले झाले, हे निर्विवाद आहे. कच्च्या-पक्क्या शेराच्या आडून होणारी लूट थांबवायची, तर एकच वजन सर्वत्र हवे होते. मात्र वजनाला एक आधार आधीपासून होता : ते उचलून पाहता येते. किलो परका असला तरी पोते पाठीवर घेताच तो ओळखीचा होतो. एक पोते पेलले की दोन पोत्यांचा अंदाज येतो, कारण वजन दुप्पट झाले की ओझे दुप्पटच होते. वाऱ्याला हा आधार नाही. वारा उचलून पाहता येत नाही, आणि तो सरळ हिशेबाने वाढतही नाही. या धाग्याचा गाभा इथे आहे.

१२/
वाऱ्याची मापे मुळात समुद्राची अपत्ये आहेत. वेगाचे ‘नॉट’ हे माप जहाजामागे सोडलेल्या दोरीच्या गाठी मोजण्यातून आले. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. आपल्याकडे हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. तिच्यामागे १८६४ चे कलकत्त्याचे विनाशकारी चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ ची मान्सूनची अपयशे होती. वाऱ्याच्या इशाऱ्याचा पहिला श्रोता बंदरातला खलाशी होता. समुद्र कधी न पाहिलेल्या गोदाकाठच्या शेतकऱ्याकडे ही भाषा फार नंतर आली.

१३/
पण गंमत अशी की, खलाशाला दिलेली वाऱ्याची सर्वांत प्रसिद्ध श्रेणी आरंभी वेगाची नव्हतीच. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५-०६ च्या सुमारास वाऱ्याला क्रमांक दिले. त्याने विचारलेला प्रश्न ‘वारा किती वेगाने वाहतो?’ हा नव्हता. ‘या वाऱ्यात युद्धनौकेला किती शिडे उभारता येतील?’ हा होता. शून्याला जहाज निश्चल. बाराला एकही शीड टिकत नाही. आकडा लहान, पण प्रत्येक आकड्यामागे खलाशाच्या हाताला ठाऊक असलेली एक कृती.

१४/
शंभर वर्षांनी, १९०६ साली, जॉर्ज सिम्प्सन या हवामानशास्त्रज्ञाने ही श्रेणी जमिनीवर आणली आणि तिला वेगाची जोड दिली. हेच सिम्प्सन त्याच वर्षी सिमल्याला भारतीय हवामान खात्यात रुजू झाले. जमिनीवर शिडे नाहीत. म्हणून इथे झाडे, छत्री आणि चालणारा माणूस हेच मोजपट्टी झाले. सहाव्या क्रमांकाला छत्री सावरणे कठीण होते. सातव्याला आख्खी झाडे हलतात आणि वाऱ्यासमोर चालताना त्रास होतो. आठव्याला डहाळ्या मोडतात आणि पाऊल पुढे पडेनासे होते.

१५/
आता मोबाइलवरचा तो संदेश पुन्हा वाचावा. ताशी ४० ते ५० किलोमीटर म्हणजे ढोबळमानाने सहावा क्रमांक : छत्री हातात राहणार नाही. ५० ते ६० म्हणजे सातवा : वाऱ्यासमोर चालणे जड जाईल. ६२ च्या पुढे आठवा : डहाळ्या मोडतील, झाडाखाली उभे राहणे धोक्याचे. आकडे तेच आहेत. पण आता त्यांत माणूस दिसू लागला.

१६/
याच आकड्यांचे वजनात रूपांतर केले तर मोठीच गोष्ट उघड होते. वाऱ्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. उभ्या माणसाच्या छातीवर येणाऱ्या रेट्याचा ढोबळ हिशेब असा :
ताशी ४० किलोमीटर : साडेचार किलो, सुमारे ५ शेर.
ताशी ५० : ७ किलो, सुमारे साडेसात शेर.
ताशी ६० : १० किलो, सुमारे ११ शेर.
ताशी ८० : १८ किलो, जवळजवळ अर्धा मण.
ताशी १०० : २८ किलो, पाऊण मण.

१७/
यादीकडे नीट पाहिले की इशाऱ्याचा अर्थ बदलतो. चाळीस आणि साठ हे आकडे कानाला शेजारी-शेजारी वाटतात. देहाला मात्र पाच शेर आणि अकरा शेर एवढे अंतर लागते. आणि हे ओझे खाली दाबणारे नसते. ते आडवे ढकलणारे असते, झटक्याझटक्याने येणारे असते. मणभर पोते पाठीवर घेऊन चालणारा गडीही अकरा शेरांच्या आडव्या धक्क्याने कोलमडू शकतो, कारण पाठीवरच्या ओझ्याला पाय तयार असतात, या धक्क्याला नसतात.

१८/
नांदेड जिल्ह्यात अर्धापूरचा परिसर केळीसाठी प्रसिद्ध आहे. केळीचे झाड हे खरे तर झाड नव्हेच. एकावर एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचा तो रसाळ खांब. मुळे उथळ, पाने शिडासारखी रुंद, आणि एका बाजूला लोंबणारा घड. बोफर्टच्या जहाजावर वारा वाढला की शिडे उतरवता येत. केळीला आपले शीड उतरवता येत नाही. म्हणून वळवाच्या एका झोडपण्यात उभी बाग आडवी होते. काढणीला आलेला घड जितका भरलेला, तितके झाड पडण्याला सोपे. वर्षभराच्या कष्टाचे वजनच तिथे वैरी होते.

१९/
आता पत्र्याचे पाहू. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पत्रा साधारण दहा-बारा किलोचा असतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा त्याच्यावर पूर्ण रेटा आला, तर तो ४५ किलोंच्या पुढे जातो. म्हणजे पत्र्याच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ चौपट. छपरावरून वाहणारा वारा पत्र्याला वर ओढतो आणि उघड्या बाजूने आत शिरलेला वारा त्याला खालून उचलतो. म्हणूनच नुसते दगड ठेवलेला पत्रा धोक्याचा. पत्रा उडतो, आणि त्याच्यावरचे दगडही खाली येतात.

२०/
मग मराठवाड्याने पत्रा का स्वीकारला? हा प्रश्न विचारताच इतिहासाचे सर्वांत जड पान उघडते. इथले जुने घर माळवदाचे होते. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, आणि त्यांच्यावर फूट-दीड फूट, कधी त्याहून जाड, पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात ते थंड राही. वाऱ्याला तर ते जुमानतच नसे. घराचा आकारही ‘खणां’त मोजला जाई, दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. घरमालकाची ऐपतही त्यावरूनच सांगितली जाई.

२१/
३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली; मृतांचे आकडे निरनिराळ्या नोंदींत सुमारे आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहेत. त्यांतल्या बहुतेकांना जमिनीच्या हादऱ्याने मारले नाही. त्यांच्याच भिंतींनी आणि माळवदांनी मारले. एक फूट जाडीची माती दहा चौरस फुटांवर पसरलेली असेल, तर तिचे वजन साडेचारशे किलोंच्या आसपास भरते. बारा मण. दहा चौरस फूट म्हणजे झोपलेल्या एका माणसाएवढी जागा.

२२/
त्या पहाटेनंतर ‘रिश्टर’ हा शब्द मराठवाड्याच्या घराघरांत पोचला. सहाच्या वरचा भूकंप, असे लोक बोलू लागले. पण हेही वाऱ्यासारखेच फसवे माप. त्या श्रेणीवर एक अंक वाढला की हादऱ्याचा विस्तार दहापट होतो आणि मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. पाच आणि सहा हे शेजारी नव्हेत. शेर-मणाच्या सरळ हिशेबावर वाढलेल्या मनाला हे नवे आकडे नेहमीच लहान वाटतात, आणि धोका तिथेच आहे.

२३/
भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. उरलेल्या गावांत जुनी घरे बळकट करण्याचे उपाय सांगितले गेले. त्यांत माळवदावरची माती कमी करणे हाही एक उपाय होता. घराचे वजन उतरवणे, असेच त्याला म्हणता येईल. लोकांनी तर भीतीपोटी ते आधीच उतरवायला घेतले होते. दगडाच्या घरात पाऊल टाकायला मन धजेना, म्हणून अनेकांनी पत्र्याच्या शेडचा आसरा घेतला. ज्या छपराखाली माणसे दबली, त्याच्या जागी अंगावर पडले तरी जीव वाचेल असे छप्पर आले.

२४/
इथे दोन संकटांचा पेच दिसतो. जड छप्पर वाऱ्यात तगते आणि भूकंपात मारते. हलके छप्पर भूकंपात वाचवते आणि वाऱ्यात उडते. भूकंप पिढीतून एखादाच येतो. सोसाट्याचा वारा दर वैशाखात येतो. पत्रा निवडणाऱ्या माणसाची चूक झाली असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याने बारा मण मातीचे वजन पाहिले होते. मात्र हलके छप्पर घेतले की ते बांधून ठेवण्याची जबाबदारी येते. जुने माळवद स्वतःच्या वजनाने जागेवर राही. पत्रा कैचीला जे-बोल्टने आवळावा लागतो, आणि कैची भिंतीत रुतवावी लागते. हरवलेल्या वजनाची भरपाई बांधणीने करायची असते.

२५/
मापांच्या इतिहासातून उमजते ते एवढेच. होनांचा आकडा वाचताना आधी नाणे तपासावे. मणाचा आकडा वाचताना आधी बाजार विचारावा. आणि वाऱ्याचा आकडा ऐकताना तो मनातल्या मनात वजनात बदलून घ्यावा. इशारा देणाऱ्यांनी ताशी किलोमीटर जरूर सांगावेत; शास्त्राला तेच हवेत. पण त्या आकड्याला जोडून आणखी एक वाक्य असावे : छत्री टिकणार नाही, केळी आडवी होईल, सैल पत्रा उडेल, झाडाखाली थांबू नये. बोफर्टने खलाशांसाठी जे केले, ते गोदावरी-मांजराच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यासाठी करण्यास कोणतेही नवे यंत्र लागत नाही.

२६/
आणि ज्यांच्या घरात शेर-मणात बोलणारी एखादी आजी अजून आहे, त्यांनी पुढचा इशारा तिला असा सांगून पाहावा : ‘आजी, आज वारा अकरा शेरांनी ढकलणार आहे.’ ताशी साठ किलोमीटर म्हटल्यावर जी मान हलणार नाही, ती कदाचित या वाक्यावर वर होईल, आणि अंगणातले वाळवण वेळेवर घरात येईल.